मास्तरनं लिनक्स टाकलं

...न्हाई न्हाई, हसू नका! तुम्ही हसून राह्यले, पण तुम्हाला सांगतो, ज्यानं कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून मंठा ते जालना एसटीत मांडीवर नेला, त्यालाच ठाऊक! मे महिना, डब्याचा पत्रा तापलेला, मांडी भाजून राह्यली, खड्डा आला की मी डब्याला छातीशी धरतो, आणि कंडक्टर वाकून विचारतो, "गुरुजी, लेकराला लई ताप हाय का?" आता काय सांगावं? म्हणलं, ताप न्हाई बाबा, आवाज गेलाय. तो बिचारा हळहळला, "चांगला डाक्टर बघा." आणि खिडकीपाशी माझी माय बसलेली, तिचा पण आवाज गेलेला, तिच्या हातात पाटी, आणि पाटीवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं... "आधीचं काय वाईट होतं?" कंडक्टरनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिकीट फाडून निमूट पुढं गेला.

काय वाईट होतं? काहीच न्हाई! पण मला कळलं पाहिजे ना!

तेवढी एकच खोड आहे हो माझ्यात. मी मच्छिंद्र, मंठ्याला झेडपीच्या शाळेत मास्तर, तंबाखू न्हाई, पत्ते न्हाईत, फक्त एखादी वस्तू चालून राह्यली असंल तर ती कशी चालती हे बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत न्हाई. कुकरची शिट्टी उघडली, नंदाचं शिवणयंत्र उघडलं... नंदा म्हणजे आमच्या घरच्या, नंदाबाई... त्या यंत्राचा शेवटचा एक स्क्रू कुठं बसतो ते मला आजतागायत कळलेलं न्हाई, पण यंत्र चालतं! एक स्क्रू कमी असून चालतं, म्हणजे तो कंपनीनं उगंच टाकला होता की न्हाई? हे नंदाला पटत न्हाई.

तर जालन्याला एक नवलकिशोर शेठ. नवीन जालन्यात बियाण्याचा व्यापार, आता धंदा पोरांकडं, आणि हा साठी उलटलेला माणूस धोतर नेसून, गोदामामागच्या खोलीत कपाशीच्या बियाण्याच्या थप्पीआड दोन कॉम्प्युटर मांडून बसलेला असतो. मी बियाणं घ्यायला गेल्तो, बियाणं राहिलं बाजूला, मी त्या खोलीत तीन तास! शेठ म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कॉम्प्युटरात जे आहे ना, ते म्हणजे शिवलेलं पोतं. बाहेरून हात फिरवा, बस. आतला माल बघायचा न्हाई. आन् हे लिनक्स, हे उघडं पोतं आहे. हात घाला, मूठभर काढा, बघा, पसंत न्हाई तर बदला. कुणी विचारणार न्हाई." फुकट पण! टपालानं सीड्या यायच्या त्यांना, परदेशातून, आणि ते प्रसादासारख्या वाटायचे. आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला "आत हात घाला" म्हणल्यावर तो थांबंल का?

सोमवारी सीडी टाकली. तिनं विचारलं, सगळी डिस्क पुसू का? म्हणलं, पूस! असं अर्धवट कशाला, नवी सून आणायची आन् जुनी चूल ठेवायची? पुसलं सगळं. अर्ध्या तासात नवं दार, नवा पडदा, सगळं कसं झकपक. नंदा पदराला हात पुसत आली, दोन मिनिटं बघितलं, आणि तिनं पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, "अहो, छान आहे. पण आधीचं काय वाईट होतं?"

आणि बघा, मंगळवारी मायचा आवाज गेला.

माझी माय साळूबाई. तुमच्यापैकी मंठ्याकडचं कुणी असंल तर सांगायची गरज न्हाई. सत्तरीची बाई, पण आमच्या आठ गावांत साळूबाईनं म्हणल्याशिवाय नवरीला हळद लागत न्हाई. गाणं एकच असतं हो, चाल एकच, पण त्यात नावं गुंफायची असतात. नवरीचं नाव, मग मामाचं, मावशीचं, दूरच्या आत्याचं, आणि कोपऱ्यात रुसून बसलेल्या थोरल्या जावेचं तर पहिल्यांदा! एक नाव गाळलं की दहा वर्षं बोलणं बंद. मायनं आजवर एक नाव गाळलं न्हाई. आणि आता हळद कोणाची? माझ्या थोरल्या भावाची लेक कौसल्या, जिला आईवेगळी म्हणून मायनंच न्हाऊमाखू घालून मोठी केली, तिची! बारा दिवसांवर! आणि जालन्याचा डॉक्टर म्हणतो, घशात सूज आहे, गाठ आल्यासारखं झालंय, महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं न्हाई, कुजबुजायचं पण न्हाई, गायलात तर आवाज कायमचा जाईल आजी, मंग माझ्याकडं येऊ नका.

माय रडली न्हाई. घरी आली, माझी शाळेची पाटी घेतली... साक्षरतेच्या वर्गात मीच शिकवलं होतं तिला, पोटच्या पोराकडून बाराखडी शिकली ती... आणि पाटीवर लिहिलं, "कौसीला कोन म्हननार?"

कोण म्हणणार? चुलती चतुराबाई म्हणणार, दुसरं कोण! तिचा गळा चांगला आहे, मी न्हाई कशाला म्हणू, पण चतुराबाई नावं गाळते. चुकून न्हाई, ठरवून! ज्याच्याशी बोलत न्हाई त्याचं नाव गाळते, आणि ती निम्म्या भावकीशी बोलत न्हाई! म्हणजे हळदीतच मारामारी.

तेव्हा नंदा एकदम म्हणाली, "अहो, ती सीडी!" आणि मी उडालोच! दोन वर्षांमागं विद्यापीठातल्या एक मॅडम आल्त्या, शैलजा मॅडम, त्यांनी दोन दिवस मायच्या पुढं माईक धरून त्रेचाळीस गाणी भरून नेली आणि सीडी पाठवून दिली. ती सीडी मायनं पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवलेली. एकदाही वाजवली न्हाई, कामून? तर म्हणायची, "मपलंच गानं म्या कशाला ऐकू? मला येतंय की!" म्हणलं बस! मायचा आवाज मायच्याच नातीच्या हळदीला! चार भोंगे लावू! मायनं नुसते डोळे मोठे केले.

सीडी टाकली. यादी आली, त्रेचाळीस गाणी, बराबर. पहिल्यावर टिचकी मारली. आणि लिनक्स म्हणतं... हे वाजवण्याचं सामान माझ्याकडं न्हाई! अरे, न्हाई म्हणजे? शेजारच्याच्या सीडी प्लेअरमध्ये घातली, तो तर 'नो डिस्क' म्हणून मोकळा. शेठला फोन लावला. शेठ शांत. "गुरुजी, गाणी ज्या पद्धतीनं भरलीत ना, ती पद्धत एका कंपनीची आहे. अमेरिकेसारख्या काही देशांत तिला परवाना लागतो. म्हणून ते सामान मूळ सीडीत टाकत न्हाईत. बाजूला दुसरी भांडारं असतात, रिपॉझिटरी म्हणतात, तिथं मिळतं. भांडाराचा पत्ता जोडला की झालं." मी ते घरात मोठ्यानं सांगितलं. मायनं पाटी ओढली आणि खर्रखर्र लिहिलं, "मंठ्यात हळद. परवाना अमेरिकेचा?"

आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं पाटी उलटी केली, तर त्या बाजूला नंदाचं वाक्य, मोठ्ठ्या अक्षरात! आधीचं काय वाईट होतं? आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून ती बाजू तिनं पुसलीच न्हाई. एका बाजूला रोजचं लिहायचं, पुसायचं, आणि दुसरी बाजू कायमची. मी समोरून गेलो की पाटी फिरवायची!

तुम्ही म्हणाल, इंटरनेटच्या कॅफेत जाऊन वाजवायची. वाजली असती! पण हळदीला नवरीसकट अख्खी भावकी कॅफेत नेऊन बसवायची का? तुम्ही म्हणाल, परत आधीचं टाकायचं. बाजारात एकजण तयार होता, "मास्तर, एका तासात टाकून देतो, बिलकुल पहिल्यासारखं." नंदा म्हणाली, टाका. भाऊ म्हणाला, टाक. आणि मी... खोटं कशाला बोलू, मला ते भांडार बघायचं होतं! परवाना लागतो म्हणून बाजूला ठेवलेलं, पत्ता जोडला की उघडणारं... कसं असंल हो ते आतून? आणि आमच्या फोनवरून इंटरनेट लागंना, कारण डब्यातला मोडेम लिनक्सला ओळखू येईना. शेठ म्हणाले, "डबाच घेऊन या." मायला तसं पण डॉक्टरला दाखवायचं होतं. म्हणून ती एसटी, ती चादर, आणि ते ताप आलेलं लेकरू!

शेठची खोली. डबा जोडला. शेठनं एक काळी खिडकी उघडली, त्यात यादी, यादीत पत्ते, खाली नव्या भांडाराचा पत्ता लिहिला. मी म्हणलं, मी लिहितो, मला शिकायचंय. पासवर्ड मागितला. मी टाईप करतोय, टाईप करतोय, काहीच दिसंना! चांदण्या पण न्हाईत! म्हणलं शेठ, कीबोर्ड मेला. शेठ म्हणाले, "मेला न्हाई, दाखवत न्हाई. विश्वास ठेवा." ठेवला. तर पुढं काय? लिनक्स म्हणतं, भांडार सापडलं, पण ही सही माझ्या ओळखीची न्हाई, माल घेऊ शकत न्हाई! मी चिडलो. म्हणलं, देणारा फुकट देऊन राह्यला, हा घेईना!

शेठ हसले. "गुरुजी, मोंढ्यात अनोळखी गाडी आली, माल एक नंबर, तरी आपण आडतीवर उतरवतो का? आधी विचारतो, कुणाच्या ओळखीनं आला. आता हे कळतं माणसाला, मंग मशीननं का विचारू नये?" मायनं लगेच पाटी पुढं केली, "वळख कोन देतो?" शेठनं हात जोडले तिला! खरंच जोडले. म्हणाले, "माताजींनी बरोबर प्रश्न विचारला. मी पहिल्यांदा आठ दिवस हाच प्रश्न घेऊन बसलो होतो." मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, प्रत्येक भांडाराची एक चावी असते, ती चावी आपण एकदा पारखून घेतली की पुढं त्या सहीचा माल बिनघोर घ्यायचा. माय मान हलवून राह्यली. तीन हजार रुपयांचा क्लास करून आमच्या शाळेतल्या हेडमास्तरला हे कळलं नसतं, आणि ही पाटी मांडीवर घेऊन मान हलवते!

चावी घातली. म्हणलं, चला, आता ये बाबा सामान! तर ते सामान म्हणतं, मी येतो, पण माझ्यासोबत अमुक एक पाहिजे. अमुकला बोलावलं, तर ते म्हणतं, तमुक आल्याशिवाय मी येत न्हाई. तमुक म्हणतं, मी आलोच असतो, पण जुना तमुक आत बसलाय, आधी त्याला उठवा! मी कपाळाला हात लावला. आणि माय? माय हसून राह्यली, आवाज न्हाई, नुसतं अंग गदगदा हलतंय! लिहिलं, "हे आपलं मानपान. साडूला आवतन न्हाई तर सासरा येत न्हाई." आणि खाली लिहिलं, "समद्यात रुसलेला कोन ते बघ. त्याला आधी बलाव." शेठ म्हणाले, "गुरुजी, माताजींचं ऐका." ऐकलं! खालून सुरुवात केली, सगळ्यात शेवटच्या रुसलेल्याला आधी बोलावलं, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा... एकेक निमूट येऊन राह्यला! नव्वद टक्के झालं... एक्याण्णव... ब्याण्णव...

लाईट गेली.

जालन्यात तेव्हा लाईट यायची किती आणि जायची किती, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? अंधारात शेठ म्हणाले, "काही न्हाई, जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं." आणि पाटी फिरल्याचा आवाज आला. दिसत काही न्हाई, पण कोणती बाजू वर आली ते मला बराबर कळलं.

त्या लाईटपायी आणखी दोन चकरा झाल्या. डबा ओळखीचा झाला एसटीत! तो कंडक्टर विचारायचा, "काय गुरुजी, फरक पडला का?" शेवटी हळदीच्या सकाळी, शेठच्या त्या खोलीत, पहिलं गाणं वाजलं. जात्यावरचं. मायचा आवाज! दोन वर्षांमागचा, भरलेला, खणखणीत. माय खुर्चीत ताठ बसली. आपल्याच आवाजाकडं बघून राह्यली, त्या भोंग्याकडं, डोळे न मिटता. आपण गातो तेव्हा कसं ऐकू येतं ते तिला सत्तर वर्षांत ठाऊक नव्हतं हो. मला एकदम भरून आलं. म्हणलं, बस्स, जिंकलो! बाकीची बेचाळीस वाजवून बघायला वेळ कुणाला? दुपारची गाडी गाठायची, डबा चादरीत, चला! आणि शेठ पण आले सोबत, म्हणाले, "मला बघायचंय." असा माणूस!

संध्याकाळ. मांडव, लाईट हजर, चार भोंगे, कौसल्या पाटावर. मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आलेल्या, पुढं नवरदेवाची आत्या, नाकात नथ, कपाळाला आठ्या. चतुराबाई एका बाजूला तोंड फिरवून. मायच्या अंगावर नवं लुगडं, हातात पाटी. सगळी भावकी माझ्याकडं बघतेय, आणि मी काय सांगू तुम्हाला, छाती अशी पुढं आलेली! टिचकी मारली. एकतिसावं गाणं, हळदीचं.

"पयली हळद बाई, लावा गं देवाला..."

अहाहा! बायांच्या अंगावर काटा! चतुराबाईची मान वळली! शेठनं डोळे मिटले!

"दुसरी हळद बाई, शैलजा नवरीला..."

...

शैलजा? कोण शैलजा?

भोंगे चार! चारी दिशांना शैलजा! मला एक क्षण काही कळंना, आणि मंग कळलं. अहो, गाणं भरताना मायनं विचारलं असणार, नाव कोणाचं घेऊ? नावाशिवाय हळद म्हणायची कशी? समोर मॅडम बसलेल्या, घेतलं मॅडमचं! मॅडमचा मामा घेतला, मॅडमची मावशी घेतली, पुण्याची आत्या घेतली! मायनं एक नाव गाळलं न्हाई! आणि मी आठ दिवस मरमर मरून ती हळद कौसल्याला लावून राह्यलो!

नवरदेवाची आत्या उठून उभी राहिली. "ही शैलजा कोण? पोरगी बदलली का आमची? का आधी कुठं ठरलेलं मोडलंय?" भाऊ माझ्याकडं बघतोय, कौसल्याचा चेहरा पांढरा फटक, चतुराबाई पदर तोंडाला लावून हसून राह्यली, मी टिचक्यांवर टिचक्या मारतोय आणि ते बंद होईना! नेमकं तेव्हाच अडकलं! तिकडून गाणं चालूच, "शैलजाच्या मामाला..."

आणि मायनं पाटी खाली ठेवली.

मी ओरडलो, माय, न्हाई! डॉक्टरनं काय सांगितलंय! तिनं माझ्याकडं बघितलं पण न्हाई. ती कौसल्याच्या समोर गेली, हळद बोटावर घेतली, आणि गायली. आवाज कसला हो, नुसती घरघर, फुटलेली. भोंग्यातली साळूबाई खणखणीत, आणि ही समोरची चिरकी. पण भोंग्यातली म्हणाली शैलजा, आणि ही म्हणाली कौसल्या! ती म्हणाली शैलजाचा मामा, ही म्हणाली कौसल्याचा रामराव मामा! तिसऱ्या ओळीला मायचा घसा बंद पडला, नुसते ओठ हलले, आणि ती ओळ कुणी उचलली असंल? चतुराबाईनं! ओठांकडं बघून उचलली! माय नुसते ओठ हलवायची, एकेक नाव दाखवायची, आणि चतुराबाई म्हणायची, ज्यांच्याशी वीस वर्षं बोलत न्हाई त्यांची सुद्धा! शेवटी नवरदेवाच्या आत्याचं नाव आलं, आदरानं, ठासून, आणि आत्याबाई खाली बसल्या. मी रडलो. मास्तर माणूस, भर मांडवात रडलो, कोण बघतंय याचं भान न्हाई. आणि मशीन तिकडं एकटंच पुण्याच्या आत्याला हळद लावत बसलेलं.

डॉक्टर लई ओरडला. महिन्याचे दोन महिने झाले. त्या दोन महिन्यांत मी रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघायचो, आणि मनात म्हणायचो, हिचा आवाज माझ्या टिचकीपायी कायमचा गेला तर... पण आला. हळूहळू आला. आला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलली असंल? म्हणाली, "बाबा, त्या डब्यातली बाई गळ्यानं लई चांगली हाय. पण तिला समोर कोन बसलंय ते दिसत न्हाई." बस. दुसरा राग न्हाई, बोल न्हाई.

मी ठरवलं, आता हात लावायचा न्हाई. जे आहे ते चालू आहे, बास. आणि ठरवलं ते पाळलं बरं का, चांगले चार महिने पाळलं! पण परवा सकाळी कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यात एक छोटीशी चौकट आली. नवी आवृत्ती आली आहे, घेता का? आता तुम्हीच सांगा! नवं काय असंल हो त्यात? आतून कसं असंल? नुसतं बघायला काय जातं?

दाबलं.

दोन तासांनी आवाज बंद. एक गाणं वाजंना. शेठला फोन लावला, म्हणलं, शेठ, घोळ झाला, आवाज गेला! शेठ एकदम उठून उभे राहिले असणार, खुर्ची पडल्याचं ऐकू आलं, "माताजींचा?" म्हणलं न्हाई, मशीनचा. "हात् तेरी! मंग घाबरवता कशाला? बसा, चहा घ्या, या सावकाश."

फोन ठेवला, वळलो, तर मागं माय उभी. हातात पाटी. तीच बाजू. म्हणलं माय, आता तर तुला चांगलं बोलता येतं, डॉक्टरनं परवानगी दिली, मंग पाटी कशाला?

म्हणाली, "हे लिहून ठिवलेलंच बरं बाबा. तुपल्या घरात रोज लागतंय."